बसला उशीर नेमका कुठे होतो? तिकीट यंत्र, चालकबदल आणि हुबळी-धारवाडचा अनुभव

कमरीपेठ ही हुबळीच्या जुन्या बाजारभागातील दाट वस्ती. येथील रहिवासी सकाळी धारवाडच्या न्यायालयात, विद्यापीठात किंवा वाटेवरच्या सत्तूर येथील रुग्णालयात जाण्यासाठी निघाला, की आधी बाजारगल्ल्यांतून मुख्य रस्त्याकडे येतो आणि तेथे त्याला निवड करावी लागते. वातानुकूलित ‘चिगरी’ने जायचे की महामंडळाच्या साध्या बसने? दोन्ही गाड्या त्याच दोन शहरांना जोडतात, अंतरही सारखेच, सुमारे वीस किलोमीटर. तरीही दोन्हींच्या वेळेचा हिशेब निराळा असतो. हा फरक केवळ इंजिनाच्या ताकदीचा किंवा रस्त्याच्या रुंदीचा नाही. तिकीट कुठे काढले जाते, ते काढायला किती वेळ लागतो आणि चालक कुठे व कसा बदलतो, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचाही त्यात मोठा वाटा आहे.

बस उशिरा आली की प्रवासी वाहतूककोंडीला दोष देतो आणि तो पुष्कळदा योग्यच असतो. मात्र कोंडी नसलेल्या दिवशीही गाड्या उशिरा धावतात. त्या दिवशीचा उशीर थांब्यावर, वाहकाच्या हातातील यंत्रावर आणि पाळी बदलण्याच्या जागी साचत असतो. हुबळी-धारवाडचा मार्ग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण तेथे तिकीट देण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी पाहायला मिळतात. गोव्यातील प्रवाशाला तर हा अनुभव परका वाटू नये. कदंबच्या शटलमध्ये बसण्यापूर्वी खिडकीवर तिकीट काढणारा गोमंतकीय याच प्रश्नाच्या एका उत्तराचा रोज वापर करतो.

जुळी शहरे आणि ‘चिगरी’

हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका १९६२मध्ये झाली. २०११च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीत सुमारे साडेनऊ लाख लोक राहत होते. व्यापार आणि रेल्वे हुबळीत, तर न्यायालय, विद्यापीठ आणि जिल्ह्याचे प्रशासन धारवाडात, अशी या जोडशहराची विभागणी आहे. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही दिशांना मोठी ये-जा चालते. ही वाहतूक प्रामुख्याने वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ सांभाळते. १९९७मध्ये कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळातून वेगळे झालेल्या या महामंडळाचे मुख्यालय हुबळीतच आहे. याच मार्गावर ‘बेंद्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी बसगाड्याही अनेक वर्षे धावत आल्या.

जोडशहरासाठी शीघ्र बस परिवहन व्यवस्था, म्हणजे बीआरटीएस, उभारण्यात आली ती जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने. तिच्या गाड्यांची चाचणी धाव २ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाली आणि औपचारिक उद्घाटन २ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती एम. व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झाले. ‘चिगरी’ हे या गाड्यांचे नाव; कन्नडमध्ये त्याचा अर्थ हरिण. सुमारे २२ किलोमीटरच्या या मार्गावर तीसहून अधिक स्थानके आहेत. बऱ्याच अंतरात रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका आहेत. स्थानकांपाशी एका गाडीला दुसरी ओलांडता यावी, यासाठी जादा मार्गिकेची सोय आहे, म्हणून सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या आणि थोडकेच थांबे घेणाऱ्या गाड्या एकाच मार्गावर चालवता येतात. शहरांच्या गाभ्यातील काही पट्ट्यांत मात्र चिगरीला इतर वाहनांबरोबरच वाट काढावी लागते.

चिगरीचे सर्वांत लक्षात येणारे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात वाहक नसतो. तिकीट स्थानकातील खिडकीवर घ्यायचे किंवा स्मार्ट कार्ड वापरायचे, फाटकावर ते यंत्राला दाखवायचे आणि मग फलाटावर जायचे. फलाट आणि बसचा तळ जवळपास एका पातळीत असल्याने पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. साध्या बसमध्ये गाडीच्या आत चालणारे एक काम येथे गाडीबाहेर नेले आहे.

पेटी, पंच आणि वेबिल

यंत्राने काय बदलले, हे समजण्यासाठी आधीची पद्धत आठवावी लागेल. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी राज्य परिवहनची पहिली बस धावली. त्यानंतर कित्येक दशके वाहकाची ओळख म्हणजे खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. वेगवेगळ्या दरांची छापील तिकिटे गड्ड्यांनी लावलेली असत. वाहक भाड्याच्या रकमेनुसार एक-दोन तिकिटे फाडून त्यावर पंचाने छिद्र पाडी. सराईत हाताला हे काम काही सेकंदांचेच होते.

वेळ जाई तो हिशेबात. भाड्याच्या प्रत्येक टप्प्याला कोणत्या दराच्या तिकिटाचा कोणता क्रमांक आला, हे वेबिलावर लिहावे लागे. फेरी संपल्यावर बेरीज जुळवणे, आगारात परतल्यावर उरलेल्या तिकिटांची मोजदाद आणि रोकड भरणे, ही सारी कामे हातानेच चालत. इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्राने खरी बचत केली ती येथे. यंत्र टप्प्यानुसार भाडे काढते, प्रत्येक तिकिटाची नोंद ठेवते आणि फेरीअखेर एकूण रक्कम कागदावर उमटवते. आगाराला कोणत्या थांब्यावर किती प्रवासी चढले हे कळू लागले आणि वेळापत्रक अंदाजाऐवजी नोंदींवर आखण्याची शक्यता निर्माण झाली.

परंतु एका प्रवाशाला तिकीट देण्याचा वेळ यंत्रामुळे कमी झालाच असे नाही. चढण्याचा टप्पा, उतरण्याचा टप्पा, पूर्ण की अर्धे, किती प्रवासी, कोणती सवलत अशी बटणे दाबायची आणि मग कागद बाहेर येण्याची वाट पाहायची. एकाच दराची तिकिटे द्यायची असतील तेव्हा जुनी पेटी यंत्रापेक्षा मागे पडत नसे. यंत्र आले म्हणजे बस लवकर सुटेल, हा समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

वाहकाची गती आणि टप्प्याची हद्द

पाश्चात्त्य देशांतील अनेक शहरांत प्रवासी पुढच्या दाराने चढतो आणि चालकाजवळ भाडे भरतो. तेथे प्रत्येक भाड्याचा वेळ थेट थांब्यावरच्या वेळेत मोजला जातो. आपल्याकडे वाहक असल्यामुळे प्रवासी आधी चढतात, गाडी सुटते आणि तिकिटे चालत्या गाडीत दिली जातात. ही पद्धत मुळात वेळ वाचवणारी आहे. ती अडते ते वाहकाची गती आणि प्रवाशांची गर्दी यांचा मेळ बसत नाही तेव्हा.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका तिकिटाला सरासरी १२ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला पाच तिकिटे होतात. सुरुवातीच्या स्थानकावर ५० प्रवासी चढले, तर सर्वांची तिकिटे होण्यास दहा मिनिटे हवीत. भाड्याचा पहिला टप्पा सहा मिनिटांवर असेल, तर तेथे पोहोचेपर्यंत ३० जणांची तिकिटे होतील आणि २० जण उरतील. आता वाहकापुढे दोनच वाटा राहतात. तपासणी पथकाला गाडीत विनातिकीट प्रवासी आढळला तर जाब वाहकालाही द्यावा लागतो, म्हणून टप्पा ओलांडण्यापूर्वी गाडी बाजूला घेऊन चार मिनिटे थांबायचे, ही पहिली वाट. जोखीम पत्करून पुढे जायचे, ही दुसरी. भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि वाहक मागच्या बाकांपर्यंत पोहोचण्याची धडपड करतो आहे, हे दृश्य कोकणापासून कर्नाटकापर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रवासी वाहकावर वैतागतात. दोष मात्र एका माणसाच्या हातून मिनिटाला किती तिकिटे होऊ शकतात याचा विचार न करता आखलेल्या वेळापत्रकाचा असतो.

सुट्ट्या पैशांचा प्रश्न या १२ सेकंदांना सहज दुप्पट करतो. मोबाइलवरून भाडे घेण्याची सोय झाल्याने सुट्ट्यांचा वाद मिटला, पण दुसरी प्रतीक्षा आली. प्रवाशाने फोन काढायचा, संकेतचित्र टिपायचे, सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि पैसे पोचल्याची खात्री यंत्रावर येईपर्यंत वाहकाने तेथेच उभे राहायचे. शहरात हे चटकन होते. अनमोड किंवा चोर्ला घाटात मोबाइलचे जाळे तुटते तेथे एकच व्यवहार वाहकाला अडकवून ठेवू शकतो. एका तिकिटाला २० सेकंद धरले, तर वरील ५० प्रवाशांना दहाऐवजी जवळपास १७ मिनिटे लागतील.

शून्य रुपयांचे तिकीट

कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजना लागू झाली. राज्याच्या रहिवासी स्त्रियांना साध्या बसगाड्यांत विनामूल्य प्रवास करता येतो. वातानुकूलित आणि आरामदायी गाड्या योजनेबाहेर आहेत. गोव्यातून हुबळीला गेलेल्या स्त्रीला अर्थातच पूर्ण भाडे द्यावे लागते, कारण योजना कर्नाटकच्या रहिवाशांपुरतीच आहे.

वेळेच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवास विनामूल्य असला, तरी तिकीट द्यावेच लागते. शून्य रकमेचे तिकीट यंत्रातून काढले जाते, त्यासाठी ओळखपत्र पाहावे लागते आणि सरकारकडून महामंडळाला मिळणाऱ्या भरपाईचा आधार हीच तिकिटे असतात. वाहकाने एखादे शून्य तिकीट सोडून दिले, तर महामंडळाचे उत्पन्न बुडते. म्हणजे पैसे मोजण्याचा वेळ वाचला आणि ओळखपत्र तपासण्याचा वेळ वाढला. महाराष्ट्रातही २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य आणि १७ मार्च २०२३पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. या सवलतींनी लाखो लोकांना घराबाहेर पडणे परवडू लागले, हे त्यांचे मोठे यश आहे. मात्र प्रवासी वाढले, तिकिटांचे प्रकार वाढले आणि यंत्रावर दाबायची बटणेही वाढली. त्या प्रमाणात फेरीचा नेमून दिलेला वेळ वाढवला नाही, तर जादा मिनिटे कोणाच्या तरी वाट्यातून कापली जाणार, हे उघड आहे.

तिकीट जमिनीवर आले की

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४मध्ये बससाठी राखीव मार्गिका सुरू केल्या आणि १९९१मध्ये नळीच्या आकाराची स्थानके उभारली. प्रवासी आत शिरतानाच भाडे भरतो आणि बस आली की बसच्याच पातळीवरून सरळ आत जातो. अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ने २००९मध्ये आणि नंतर हुबळी-धारवाडने हेच तत्त्व स्वीकारले. लंडनने निराळा मार्ग धरला. तेथे ६ जुलै २०१४पासून बसमध्ये रोख भाडे घेणे बंद झाले आणि प्रवासी कार्ड यंत्राला टेकवून चढू लागले. पद्धती भिन्न असल्या, तरी हेतू एकच होता. बस थांब्यावर उभी असताना पैशांचा व्यवहार होऊ नये.

चिगरीच्या स्थानकात हा लाभ उघड दिसतो. तिकीट आधीच झालेले, पायऱ्या नाहीत, दारे रुंद. त्यामुळे चढ-उतार जलद होते. वृद्ध, गरोदर स्त्रिया, सामान घेतलेले रुग्ण यांना घाई करावी लागत नाही आणि तरीही गाडी रेंगाळत नाही. पुढच्या टप्प्याआधी तिकिटे संपवण्यासाठी रस्त्यात थांबण्याचा तर प्रश्नच उरत नाही.

परंतु तिकिटाला लागणारा वेळ येथे नाहीसा होत नाही. तो गाडीतून खिडकीपाशी येतो. खिडकीवरचा कर्मचारी मिनिटाला सहा तिकिटे देत असेल आणि सकाळी नऊच्या सुमारास मिनिटाला दहा प्रवासी येत असतील, तर दर मिनिटाला चार माणसे रांगेत साचतात. दहा मिनिटांत ४० जणांची रांग उभी राहते. फाटकाचे यंत्र बिघडले, छापण्याचा कागद संपला किंवा संगणक मंदावला, तर रांग आणखी लांबते. फलाटावर चिगरी वेळेवर येते आणि वेळेवर सुटते. रांगेतला माणूस तिला जाताना पाहतो. महामंडळाच्या नोंदीत ती फेरी अचूक वेळेची ठरते आणि कमरीपेठेतून निघालेला माणूस न्यायालयात पुकाराच्या वेळी हजर नसतो.

वक्तशीरपणा मोजण्याच्या पद्धतीतील ही त्रुटी दुर्लक्ष करण्याजोगी नाही. गाडी किती वेळेवर होती, हे मोजणे सोपे असते. प्रवासी घरातून निघाल्यापासून इच्छित स्थळी पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, हे मोजणे कठीण. त्यात गल्लीतून स्थानकापर्यंतची पायपीट, रिक्षाची वाट, खिडकीवरची रांग आणि उतरल्यावर पुढची गाडी मिळेपर्यंतचा वेळ हे सारे येते. तिकीट जमिनीवर आणले, तर खिडक्यांची संख्या, स्मार्ट कार्डाचा प्रसार आणि यंत्रांची दुरुस्ती यांना वेळापत्रकाइतकेच महत्त्व द्यावे लागते.

एक उशीर दुसऱ्याला जन्म देतो

‘तासभर एक बस नाही आणि आल्या तर तीन एकदम’, ही तक्रार प्रत्येक शहरात ऐकू येते. त्यामागे चालकांचे संगनमत असेलच असे नाही. न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी १९६४मध्ये या घटनेचे गणिती विवेचन केले होते. त्याचा गाभा सोपा आहे. दोन गाड्या दहा मिनिटांच्या अंतराने निघाल्या आणि पहिलीला वाटेत दोन मिनिटे उशीर झाला, असे समजा. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दहाऐवजी बारा मिनिटांचे प्रवासी जमलेले असतात. त्यांना चढवायला अधिक वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला मात्र आठ मिनिटांचेच प्रवासी मिळतात, ती लवकर मोकळी होते आणि पुढचीला गाठते. अखेरीस गच्च भरलेली एक आणि अर्धी रिकामी एक अशा दोन गाड्या एकामागून एक धावू लागतात.

या साखळीला खतपाणी मिळते ते प्रत्येक प्रवाशामागे लागणाऱ्या सेकंदांतून. तिकिटाला जितका अधिक वेळ, तितक्या लवकर गाड्या एकमेकींना चिकटतात. चढण्या-उतरण्याचा वेळ घटवला, तर सुरुवातीचा दोन मिनिटांचा उशीर तेवढाच राहण्याची शक्यता वाढते. तिकीटपद्धतीचे मोल केवळ वाचलेल्या सेकंदांत नसून ते सेकंद पुढच्या थांब्यांवर वाढत जात नाहीत, यात आहे.

चालकबदल : पाच मिनिटांचे काम

गाडी सोळा-अठरा तास धावू शकते, माणूस नाही. त्यामुळे दिवसातून किमान एकदा चालक बदलतो आणि वाहक असेल तर तोही बदलतो. हा बदल कुठे करायचा, याचे सर्वसाधारणपणे तीन पर्याय असतात. गाडी आगारात नेऊन तेथे पाळी बदलणे, मार्गाच्या टोकाच्या स्थानकावर बदलणे किंवा मार्गातच एखाद्या थांब्यावर बदलणे. आगारातील बदल शिस्तीचा होतो, पण त्यासाठी गाडी रिकामी न्यावी-आणावी लागते आणि एखादी फेरी हातची जाते. मार्गातील बदलात फेरी वाचते, पण प्रवाशांनी भरलेली गाडी थांबवून ठेवावी लागते. टोकाच्या स्थानकावरचा बदल हा मधला मार्ग होय.

बदलात प्रत्यक्ष काय होते? उतरणारा चालक किलोमीटरचा आकडा आणि गाडीतील दोष नोंदपत्रकावर लिहितो. ब्रेक जरा खोल लागतो, उजवा दिवा लागत नाही, अशा गोष्टी तोंडी सांगतो. चढणारा चालक गाडीभोवती फेरी मारून खरचटे, चाके, काचा पाहतो, कारण नंतर सापडलेला ओरखडा त्याच्या नावावर पडू शकतो. मग आसन पुढे-मागे करणे आणि आरसे जुळवणे. वाहकही बदलत असेल, तर जुन्या वाहकाचे वेबिल बंद होते, यंत्रात नव्या वाहकाची नोंद होते आणि रोकड वेगळी केली जाते. सर्व काही सुरळीत असेल, तर ही पाच मिनिटांची कामे आहेत. यंत्राची बॅटरी उतरलेली असली, कागदाची गुंडाळी संपलेली असली किंवा पाळीवर येणारा माणूस स्वतः ज्या बसने येतो तीच अडकलेली असली, तर पाचाची पंधरा होतात.

वेळापत्रकात मात्र हे काम अनेकदा शून्य मिनिटांचे धरलेले असते. एक वाजता येणारी गाडी एक वाजताच निघते, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ती एक वाजून सात मिनिटांनी निघते आणि वर सांगितलेल्या साखळीला तेथूनच सुरुवात होते. दुपारच्या पाळीबदलानंतर संध्याकाळपर्यंत गाड्यांचे वेळापत्रक विस्कटलेले राहण्याचे एक कारण हेही असते.

पाच तासांची मर्यादा

चालकबदल म्हणजे निव्वळ सोय नव्हे, कायद्याचीही गरज आहे. १९६१च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी दिवसाला दहा तासांपर्यंत मुभा दिली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, त्यापूर्वी किमान अर्धा तास विश्रांती हवी आणि विश्रांतीसह दिवसाचा एकूण पसारा बारा तासांपलीकडे जाऊ नये, असेही त्यात म्हटले होते. हा अधिनियम पुढे २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावण्यात आला. पण अनेक दशके वेळापत्रके आखली गेली ती याच चौकटीत.

पणजीहून हुबळीकडे जाणारी गाडी घाट चढून गेल्यावर चहासाठी थांबते, तेव्हा ‘आता कशाला थांबली?’ अशी कुरकुर होते. त्या थांब्यामुळे चालकाच्या सलग कामाचा ताण तुटतो. वळणावळणांचा घाट चढवून आलेल्या माणसाला ती विश्रांती नाकारणे प्रवाशांच्याही हिताचे नाही.

शहरी मार्गावर ही मर्यादा अधिक सूक्ष्मपणे काम करते. एका दिशेची फेरी ६० मिनिटांची आणि प्रत्येक टोकाला दहा मिनिटांची उसंत, असे वेळापत्रक धरू. जाऊन-येऊन १४० मिनिटे लागतात. अशा दोन फेऱ्या ४ तास ४० मिनिटांत होतात. पाच तासांच्या आत चालक मोकळा होतो आणि सारे नियमात बसते. आता तिकिटे, गर्दी आणि कोंडी यांमुळे प्रत्येक दिशेला सहा मिनिटे जादा लागली, तर दोन फेऱ्यांच्या चार धावांत २४ मिनिटे वाढतात. दहा मिनिटांची उसंत कायम ठेवली, तर एकूण वेळ ५ तास ४ मिनिटे होतो आणि मर्यादा ओलांडली जाते. वेळापत्रक टिकवायचे ठरवले, तर दहाच्या उसंतीतली सहा मिनिटे कापावी लागतात आणि उरलेल्या चार मिनिटांत चालकाने पाणी प्यायचे, प्रसाधनगृहात जाऊन यायचे आणि पुन्हा चाक हाती धरायचे.

व्यवहारात बहुधा दुसराच मार्ग पत्करला जातो. नोंदवहीत गाडी वेळेवर दिसते आणि तिची किंमत चालक मोजतो. थकलेल्या माणसाची नजर आणि प्रतिसाद मंदावतो, हे सांगण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. राखीव मार्गिका ओलांडणारे पादचारी, शहराच्या गाभ्यातील मिश्र वाहतूक आणि हुबळीच्या किट्टूर चन्नम्मा चौकात उड्डाणपुलाच्या कामाने अरुंद झालेला रस्ता, या सर्वांतून गाडी नेणाऱ्याच्या हाती शेकडो माणसांची सुरक्षितता असते. वक्तशीरपणा त्याच्या विश्रांतीतून वसूल करणे हा सर्वांत महाग सौदा ठरतो.

गाडी पुढे, चालक मागे

यावर रेल्वे आणि मेट्रो व्यवस्थांत रूढ असलेला एक उपाय बससाठीही उपयोगी पडतो. गाडी टोकाला पोहोचली, की तिचा चालक उतरतो. आधीच्या गाडीने येऊन विश्रांती घेतलेला चालक तिच्यावर चढतो आणि गाडी लगेच परत निघते. उतरलेला चालक दहा-पंधरा मिनिटे थांबून मागून येणाऱ्या गाडीवर जातो. यामुळे गाडीला थांबावे लागत नाही आणि माणसाला विश्रांती मिळते. त्यासाठी प्रत्येक टोकाला एक-दोन चालक जादा लागतात. दिवसाकाठी तेवढा पगार वाढतो, पण गाडी उभी राहण्याचा वेळ वाचल्याने तेवढ्याच गाड्यांत अधिक फेऱ्या बसू शकतात. वाहक नसलेल्या गाड्यांना ही पद्धत विशेष सोयीची असते, कारण वेबिल, यंत्र आणि रोकड यांचे हस्तांतर करावेच लागत नाही. चालकाने नोंदपत्रक दिले-घेतले, की बदल पूर्ण होतो. तिकीट जमिनीवर आणल्याचा लाभ असा चालकबदलापर्यंत पोहोचतो.

दुसरा उपाय वेळापत्रकातच दडलेला आहे. फेरीचा वेळ सरासरीवर न बेतता, दहापैकी आठ-नऊ फेऱ्या ज्या वेळेत पूर्ण होतात त्यावर बेतायचा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ यांसाठी निरनिराळा ठेवायचा. तिकीट यंत्रांत या नोंदी रोज साठतात. त्या केवळ उत्पन्न तपासण्यासाठी वापरायच्या की वेळापत्रक सुधारण्यासाठीही, हा निर्णय व्यवस्थापनाचा असतो.

गोव्यासाठी यातून काय?

कदंब परिवहन महामंडळाची स्थापना १९८०मध्ये झाली. पणजी, मडगाव, वास्को आणि म्हापसा यांना जोडणाऱ्या त्याच्या विनाथांबा शटल सेवेत खिडकीवर तिकीट काढून मग गाडीत बसण्याची पद्धत रुळलेली आहे. महाराष्ट्रात सातारा-स्वारगेटसारख्या मार्गांवर ‘विना वाहक, विना थांबा’ गाड्यांनी हेच केले. या सेवांचे यश साध्या कारणात आहे. सारे प्रवासी एकाच जागी चढतात, म्हणून तिकिटे जमिनीवर देता येतात आणि एकदा निघालेली गाडी तिकिटांसाठी अडत नाही. तेथील रांग हीच मग सेवेच्या वेगाची खरी कसोटी बनते.

वाटेत थांबे घेणाऱ्या मार्गांचा प्रश्न निराळा आहे. फोंडा, कुडचडे, डिचोली किंवा पेडणे परिसरातील गावांत प्रत्येक थांब्यावर स्थानक बांधून खिडकी उघडणे शक्य नाही. तेथे वाहक राहणार आणि हाती यंत्रही राहणार. अशा मार्गांवर मासिक पास व कार्ड यांचा प्रसार वाढवणे, गर्दीच्या वेळी सुरुवातीच्या स्थानकावर गाडी सुटण्यापूर्वीच तिकिटे देणारा जादा वाहक नेमणे आणि सवलतींसाठी यंत्रावरील बटणांची संख्या कमीत कमी ठेवणे, हे स्वस्त आणि लगेच करता येण्याजोगे उपाय आहेत. ‘म्हजी बस’ योजनेत खासगी बसगाड्या कदंबच्या छत्राखाली आणल्या जात असताना त्यांच्या फेऱ्यांचे वेळ ठरवतानाही चालकाची विश्रांती आणि पाळीबदलाची मिनिटे आधीच हिशेबात धरणे आवश्यक आहे. पणजीतील विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांना आणखी एक गोष्ट लागू पडते. गाडी चार्जिंगसाठी उभी असते तोच वेळ चालकबदलासाठी वापरला, तर दोन थांब्यांचे काम एकात होते.

हुबळी-धारवाडने राखीव मार्गिका, फलाट आणि फाटके यांवर मोठा खर्च केला. गोव्याच्या अरुंद रस्त्यांना तो आराखडा जसाच्या तसा लागू होणार नाही. त्यातील हिशेब मात्र कोठेही लागू पडतो. प्रत्येक प्रवाशामागे किती सेकंद जातात, प्रत्येक चालकबदलाला प्रत्यक्षात किती मिनिटे लागतात आणि खिडकीवरच्या रांगेत प्रवासी किती वेळ उभा असतो, या तीन गोष्टी मोजून वेळापत्रकात लिहिल्या, तर प्रवाशाला थांब्यावर लावलेल्या वेळेवर विश्वास ठेवता येईल. कमरीपेठेतील रुग्णाला सत्तूरला आणि पेडण्यातील विद्यार्थ्याला पणजीला वेळेत पोहोचवण्यासाठी त्याचाच उपयोग होणार आहे.